मास्तरांच्या हातचे जोड

त्या सकाळी मास्तर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले होते आणि त्यांची बायको डबे भरता भरता त्यांना ऐकवत होती. मास्तर टेक्निकल कॉलेजात वेल्डिंग शिकवायचे. आदल्या दिवशी त्यांनी पुरवणी परीक्षेचे चाळीस जोड एकट्यानं केले होते. काळी काच खाली ओढायला दोन-चार वेळा उशीर झाला की डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. वेल्डिंगच्या धंद्यात हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचा बटाट्याचा उपायही तितकाच जुना.

"परीक्षा पोरांची आणि डोळे सुजले मास्तरांचे," ती म्हणाली. "उद्या त्यांची लग्नंही तुम्हीच करून टाका. त्यांना तेवढाही त्रास कशाला?"

मास्तर हसले. मग तिनं खिडकीच्या जाळीचा विषय काढला. ती जाळी दोन वर्षं सुतळीनं बांधलेली होती. मास्तर म्हणाले, या रविवारी नक्की. ती म्हणाली, कुठल्या वर्षीच्या रविवारी तेवढं सांगा, म्हणजे मी सुतळी त्या बेतानं आणीन. असं बोलत बोलतच ती पायऱ्या उतरली. फाटकाशी तिची धाकटी बहीण उभी होती. दोघी एकाच कारखान्यात, एकाच टेबलाला, शर्टांची काजं करायच्या. दोघींचं बोलणं कोपऱ्यापर्यंत ऐकू आलं आणि मग थांबलं.

मास्तर परीक्षेचे जोड स्वतः का करत, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं.

पूर्वी वेल्डिंगच्या वर्गात सोळा मुलं असत. आठ मशिनं, एका मशिनवर दोघं. वर्षभरात मुलगा इतक्या प्लेटा जोडायचा की शेवटी त्याचा हात डोळे मिटूनही सरळ चालायचा. मग आजूबाजूला कारखाने आले. प्रत्येक कारखान्याला वेल्डर हवे होते, फिटर हवे होते, आणि तेही काल हवे होते. ही गरज खरी होती, तिच्यात काही खोट नव्हती. कॉलेजच्या चेअरमनसाहेबांनी खेटे घालून जागा वाढवून आणल्या. सोळाच्या साठ झाल्या, साठच्या एकशे वीस, आणि यंदा एकशे ऐंशी. मशिनं आठच राहिली आणि त्यातली पाच बंद पडली. वितळवून जोड भरायचे रॉड मोजून मिळू लागले.

साठ मुलांच्या पहिल्या वर्षी बेचाळीस नापास झाले. तेव्हा चेअरमननी मास्तरांना बोलावून समजावलं, की निकाल पडला तर जागा जातील, आणि जागा गेल्या तर गरिबाच्या पोरांनी कुठं जायचं? मास्तरांना ते पटलं. पटायला जड गेलं नाही, हेही इथं लिहून ठेवायला हवं.

परीक्षेला दोन प्लेटा जोडून दाखवायच्या असतात. त्याला वर्कशॉपमध्ये जॉब म्हणतात. तेव्हापासून मास्तर परीक्षेआधी पंधरा दिवस दार लावून घेत आणि सगळ्यांचे जॉब स्वतः जोडत. त्यावर एकेकाचा क्रमांक ठोकत. परीक्षेच्या दिवशी मुलं आपापल्या कप्प्यात भंगारावर ठिणग्या उडवत बसायची. तयार जॉब गॅसच्या ज्योतीवर जरा तापवून परीक्षकापुढे ठेवले जायचे, म्हणजे हात लावला तर ताजे वाटावेत. परीक्षक हात लावायचे, चटका बसल्यासारखं करायचे आणि मार्क द्यायचे. त्यांनाही ठाऊक होतं. आईबापांना ठाऊक होतं. याला कुणी खोटं म्हणत नसे. मास्तरांचा हातभार म्हणत.

एकट्या बायकोनं एकदा विचारलं होतं, की ही पोरं बाहेर जाऊन करतात तरी काय? मास्तर म्हणाले, कामावर शिकतात हळूहळू.

"कुणाच्या जिवावर?" असं विचारून ती भांडी घासायला गेली होती.

त्या दिवशी पाच वाजता काजांच्या विभागाची पाळी सुटली. कारखान्यानं माणसं वाढवली होती, म्हणून मागच्या भिंतीला एक नवा लोखंडी जिना लावला होता. त्याला आठ महिने झाले होते. दुसऱ्या मजल्याच्या दारापुढे बाहेर काढलेला एक चौथरा आणि तिथून खाली पायऱ्या. पाच वाजून सात मिनिटांनी तो चौथरा भिंतीवरच्या टेकूंपासून सुटला आणि पायऱ्यांना घेऊन खाली आला.

मास्तरांना निरोप मिळाला तेव्हा त्यांचे डोळे अजून लाल होते. दवाखान्यात लोकांना वाटलं, माणूस आधीच रडून आलाय. बायको गेली होती. मेहुणीच्या पायाची दोन हाडं मोडली होती.

मास्तरांना मूल नव्हतं. घरात दोन माणसं होती, आता एक उरलं. डबे घासून पालथे घातलेले तसेच राहिले. चेअरमन दुसऱ्याच दिवशी येऊन गेले, खाली जमिनीवर बसले, वहिनींसारखं माणूस नाही म्हणाले. मास्तरांना त्या वेळी त्यांचा आधार वाटला होता.

चौकशी समिती बसली आणि तिचं पहिलं टिपण दहा दिवसांत बाहेर आलं. त्यात लिहिलं होतं, की सुटीच्या वेळी महिला कामगारांनी घाई व गर्दी केल्यामुळे जिन्यावर नको तेवढा भार आला. मास्तरांनी ते टिपण दवाखान्यात मेहुणीला वाचून दाखवलं. ती प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडली होती. ऐकून तिनं मान भिंतीकडे केली.

"भावजी, आम्ही सात जणी होतो," ती म्हणाली. "सात बायकांची गर्दी होते का? आणि ताई घाई करेल? तिचा गुडघा दुखायचा. ती म्हणाली, तुम्ही उतरा पुढं, मी मागून येते. चौथऱ्यावर कठडा धरून थांबली होती. थांबली म्हणून गेली. आणि हे लिहितात, गर्दी केली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी. तेव्हापासून मास्तरांच्या मनात एकच गोष्ट बसली. बायको काही परत येणार नव्हती. पण ती स्वतःच्या चुकीनं मेली असं कागदावर राहता कामा नये, आणि ज्यानं मारलं त्याला सुखानं जेवू द्यायचं नाही.

मग चेअरमनचं बोलावणं आलं. त्यांच्या खोलीत भिंतीवर नव्या इमारतीचा नकाशा लावला होता. पुढच्या वर्षी पाचशे जागांचा प्रस्ताव होता. चेअरमन बराच वेळ मास्तरांच्या तब्येतीची चौकशी करत राहिले. नंतर म्हणाले, की समितीनं कॉलेजकडे जिन्याबद्दल तज्ज्ञाचा अभिप्राय मागितलाय आणि भागात मास्तरांहून मोठा जाणकार नाही. एकदा जाऊन बघून यावं. भार जास्त झाला एवढं चार ओळींत लिहावं. कारखान्याचे मालक आपलेच आहेत, पोरांना नोकऱ्या तेच देतात.

"आणि मास्तर," ते म्हणाले, "तुम्हीच लिहिलंत तर लोकांच्या तोंडाला कुलूप बसेल. घरचाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर."

मास्तर हो म्हणाले. त्यांना जिना बघायचाच होता.

तुटलेला चौथरा कारखान्याच्या मागं ताडपत्रीखाली ठेवला होता. मास्तरांनी ताडपत्री काढली आणि उकिडवे बसले. टेकूंच्या चारही जोडांवरचा वेल्डिंगचा मणी, म्हणजे वितळून थिजलेली पट्टी, बाहेरून देखणा होता. एकावर एक नाणी सरकवून ठेवावीत तसा एकसारखा. त्यांनी फडक्यानं तुटलेली बाजू पुसली. खरा जोड तुटला तर आतलं लोखंड खडबडीत, फाटल्यासारखं दिसतं, कारण दोन तुकड्यांचं वितळून एक झालेलं असतं. इथं आतमध्ये करवतीच्या रेघा जशाच्या तशा होत्या. ज्या दिवशी लोखंड कापलं त्या दिवशीच्या. आत काही वितळलंच नव्हतं. वरवर दोन्हीकडून नखाएवढी साय धरली होती आणि त्या सायीवर आठ महिने बायका चढत-उतरत होत्या.

मास्तरांनी रखवालदाराला विचारलं, हे काम कुणाचं? तो म्हणाला, तुमच्याच विद्यार्थ्याचं की. पहिल्याचं.

दोन वर्षांपूर्वी जो मुलगा परीक्षेत पहिला आला होता त्याला सगळे 'पहिला' असंच म्हणत. त्याचं नाव मागं पडलं होतं. आता तो चोवीसचा होता, लग्न झालेला, हमरस्त्याला पत्र्याचं दुकान टाकून बसलेला. दारांच्या जाळ्या, जिने, पाण्याच्या टाकीचे सांगाडे करायचा.

मास्तर घरी गेले, हत्यारांच्या पेटीतून हातोडी घेतली आणि तिथून सरळ त्याच्या दुकानी गेले. हातोडी त्यांनी लपवली नाही. भर दुपार होती. पहिला एका फाटकाला रंग देत होता. मास्तरांच्या हातात काय आहे ते त्यानं बघितलं, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि उभा राहिला. पळाला नाही.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," तो म्हणाला.

"आत करवतीच्या रेघा आहेत."

"असतील."

"कडा तिरक्या घासून घ्यायच्या असतात. मध्ये फट ठेवायची असते. आधी तळातून भरत यायचं, मग वर. हे येत नव्हतं तुला?"

पहिल्यानं दुकानातल्या फळीकडे बोट केलं. तिथं गिऱ्हाइकांना नमुना म्हणून एक प्लेट उभी केली होती. पुसून चकचकीत केलेली, खाली क्रमांक ठोकलेली. त्याचा परीक्षेचा जॉब. त्याच प्लेटीवर तो पहिला आला होता.

"मास्तर, वर्षभरात तुम्ही मला तेरा रॉड दिलेत. तेरा रॉडांत मी काय शिकणार? परीक्षेच्या आधी मी तुम्हाला म्हटलं होतं, मला माझा जॉब करू द्या, पडलो तर पडलो. तुम्ही म्हणालात, कॉलेजचा निकाल बिघडवू नकोस. मग मी ही प्लेट घरी आणली. समोर ठेवली आणि तिच्यासारखा मणी काढायला शिकलो. सहा महिन्यांत हुबेहूब आला. तुम्ही आत काय केलं होतं, ते बाहेरून कसं दिसणार?"

मास्तर म्हणाले, येत नव्हतं तर कुणाला तरी विचारायचं होतंस.

"पहिल्या आलेल्यानं कुणाला विचारायचं?" तो म्हणाला. मग हलकेच म्हणाला, "मारायचं असेल तर मारा. माझी बायको आत आहे, तेवढं तिच्यासमोर नको."

मास्तरांची नजर परत फळीवर गेली. पोराला मारायला आले होते, पण ज्या हातानं मारायचं त्याच हातानं ती फळीवरची प्लेट जोडली होती. जोड सुंदर होता. हजार वर्षं तुटला नसता. त्या जोडानंच त्यांची बायको मारली होती.

ते तसेच परत फिरले. दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉलेजात गेले आणि चेअरमनना सांगितलं, अभिप्राय लिहितो, पण परीक्षा होऊ द्या, तोवर डोकं ठिकाणावर नाही. चेअरमन म्हणाले, सावकाश. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. या वेळची परीक्षा त्यांना गाजवायची होती. कॉलेजला प्लेटा वाकवून तपासायचं नवं प्रेस मिळालं होतं. पाचशे जागांची मंजुरी देणाऱ्या अधिकारी बाई आणि अकरा कारखान्यांची माणसं बोलावून सगळ्यांसमोर जॉब वाकवून दाखवायचे, असा बेत होता. मास्तरांचा जोड वाकतो पण तुटत नाही, हे चेअरमनना पक्कं माहीत होतं. त्या भरवशावरच त्यांनी मांडव घातला.

मास्तरांनी दार लावून घेतलं आणि कामाला बसले. एकशे ऐंशी जोड.

इतकं मन लावून त्यांनी वाईट काम कधी केलं नव्हतं. चांगल्या हाताला वाईट जोड काढणं सोपं नसतं. हात आपोआप तळाशी जातो, लोखंड वितळायची वाट बघतो. मास्तर हाताला आवरत होते. कडा घासायच्या नाहीत. फट ठेवायची नाही. करंट कमी. दोन्ही बाजूंनी वरून देखणा मणी ओढायचा आणि आत करवतीच्या रेघा तशाच ठेवायच्या. प्रत्येक प्लेट पुरी झाली की ते मनात चेअरमनचा चेहरा आणत आणि क्रमांक ठोकत. बारा दिवस त्यांना वेळेवर भूक लागली. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

मेहुणी कुबड्या घेऊन हिंडू लागली होती. ती एक दिवस डबा घेऊन वर्कशॉपवर आली. बाजूला दोन प्लेटा तुटलेल्या पडल्या होत्या. मास्तरांनी त्या चाचणीला म्हणून तोडून बघितल्या होत्या. तिनं एक उचलली, आतल्या रेघांवरून बोट फिरवलं. ती काजं करणारी बाई. कापड वरून टाचलंय की आतून शिवलंय, हे तिला न बघता कळायचं.

"हे मुद्दाम केलंय," ती म्हणाली.

मास्तरांनी सगळं सांगितलं. साहेब सगळ्या गावासमोर तोंडावर पडतील, पाचशे जागांचं स्वप्न त्याच मांडवात मरेल, आणि आपण कोपऱ्यात उभं राहून बघू.

"आणि पोरं? एकशे ऐंशी जणांचं वर्ष जाईल."

"जाऊ दे. तुझ्या बहिणीचं सगळंच गेलं."

"सूड घेताय."

"हो."

"मग घ्या की. मी कुठं नको म्हणते? मला तर रोज सकाळी उठल्यावर त्या साहेबाचं घर पेटवावंसं वाटतं." तिनं प्लेट खाली ठेवली. "पण तुम्ही कोपऱ्यात उभं राहणार, आणि लोक म्हणणार पोरंच नालायक निघाली. आधी बायकांनी गर्दी केली, आता पोरांनी घाण केली. सांगा ना, भावजी, तुमचं नाव कुठं आहे यात? स्वतःचं नाव घातल्याशिवाय घेतलेला सूड म्हणजे नुसती चहाडी."

मास्तरांना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. ती डबा ठेवून गेली. जाताना म्हणाली, थंड व्हायच्या आत खा.

परीक्षेच्या दिवशी मांडवात खुर्च्या कमी पडल्या. प्रेसला नवा निळा रंग होता. चेअरमननी भाषणात सांगितलं, की या भागाला हात हवे आहेत आणि आपण हात घडवतो. टाळ्या पडल्या. पहिली प्लेट चेअरमनसाहेबांनीच वाकवावी असा आग्रह झाला. साहेब कोट सावरत पुढे आले आणि त्यांनी दांडा दाबला.

आवाज वाळकी फांदी मोडावी तसा झाला. प्लेटीचे दोन तुकडे खाली पडले.

कुणीतरी म्हणालं, एखादी निघते अशी. दुसरी ठेवली. तीही तुटली. तिसरी, चौथी. पाचव्या वेळी चेअरमननी दांडा कॉलेजच्या शिपायाच्या हातात दिला. सातव्या वेळी कारखान्यांच्या माणसांत हसणं सुरू झालं आणि नवव्या वेळी ते थांबलं, कारण यातल्या कितीतरी जणांच्या छपरांचे सांगाडे याच कॉलेजच्या पोरांनी जोडले होते.

मास्तर पुढे आले. त्यांनी तुटलेला एक तुकडा उचलून अधिकारी बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "या रेघा करवतीच्या आहेत. आत जोड नाहीच. माझी बायको ज्या जिन्यावरून पडली त्याच्या आतही अशाच रेघा आहेत. यातली एकही प्लेट पोरांनी जोडलेली नाही. या एकशे ऐंशी मी जोडल्या. मागच्या वर्षीच्या एकशे वीस मी जोडल्या होत्या, त्याआधीच्याही मीच. तेव्हा चांगल्या जोडायचो. या वर्षी मुद्दाम वाईट जोडल्या, एवढाच फरक."

चेअरमन धूर्त माणूस. त्यांनी लगेच आवाज मऊ केला. म्हणाले, की मास्तरांवर आभाळ कोसळलंय, दुःखानं त्यांचा तोल गेलाय, आपण सांभाळून घेऊ. आपली पोरं मात्र तयार आहेत.

"मग त्यांच्यातल्या कुणालाही प्लेट द्या," मास्तर म्हणाले. "आत्ता. इथंच."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. वर्गातली एक मुलगी स्वतःहून उठली. तिनं काच खाली ओढली, रॉड टेकवला. ठिणगी उडाली आणि रॉड प्लेटीला चिकटून बसला. तिनं हिसका मारून सोडवला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा चिकटल्यावर तिनं काच वर केली. चेहरा लालबुंद झाला होता. पण ती रडत नव्हती, चिडली होती.

"वर्षभरात मला नऊ रॉड मिळाले," ती चेअरमनकडे बघून म्हणाली. "चिकटणार नाही तर काय होणार?"

मागून एकजण म्हणाला, मला सहा. दुसरा म्हणाला, मला अकरा, मी मास्तरांना चहा आणून द्यायचो म्हणून. थोडे हसले. मग एकामागून एक आकडे येत राहिले. सात, पाच, आठ, चार. अधिकारी बाईंनी वही काढली आणि आकडे लिहून घ्यायला सुरुवात केली.

खोटं कशाला सांगायचं? त्या वेळी मास्तरांना आनंद झाला. चेअरमनच्या कानशिलावरून घाम खाली येत होता आणि तो कॉलरमध्ये शिरेपर्यंत मास्तर बघत राहिले. पोटात गार वाटलं. इतक्या दिवसांत कुणाच्या सांत्वनानं वाटलं नव्हतं तेवढं.

त्याच संध्याकाळी त्यांनी समितीला अभिप्राय लिहून दिला. चौथऱ्याचा जोड कसा तुटला ते दोन पानं लिहिलं. मग, या मृत्यूला जबाबदार कोण, अशी ओळ घालून त्याखाली नावं लिहिली. पहिलं स्वतःचं. दुसरं चेअरमनचं. मग परीक्षकांची, न तपासता जिना लावून घेणाऱ्या मालकाचं, आणि सगळ्यांत शेवटी पहिल्याचं. महिलांनी गर्दी केली ही ओळ समितीनं सहा आठवड्यांनी खोडली. खोडलेला कागद मेहुणीनं मागून घेतला. दोनदा वाचला आणि घडी करून पोलक्यात ठेवला.

बाकी फार काही झालं नाही. चेअरमननी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि त्यांचा जावई त्या खुर्चीत बसला. खटला अजून चालू आहे. मास्तरांची नोकरी गेली, आरोपींत नावही लागलं, आणि तारखेला ते सर्वांच्या आधी जाऊन बसतात. पाचशे जागा मिळाल्या नाहीत. उलट एकशे ऐंशीच्या साठ केल्या आणि बारा मशिनं नवी आली. नापास झालेल्या एका मुलाचा बाप मास्तरांच्या दारात उभा राहून अर्धा तास शिव्या देत होता. मास्तर दार उघडून समोर उभे राहिले आणि सगळ्या ऐकल्या. तो थकल्यावर त्याला पाणी दिलं. त्यानं ते घेतलं नाही.

महिन्याभरानं पहिला आला. दुकान बंद केलं होतं, जामिनावर सुटला होता. फाटकाबाहेरून म्हणाला, मला शिकवा.

"मी तुला माफ केलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मी कुठं मागितलीय माफी?"

मास्तरांनी घरामागच्या अंगणात एक जुनं मशीन मांडलं होतं. त्याच्यावर पहिला बसला. ती नऊ रॉडवाली मुलगी आली, मग आणखी चौघं आले. मास्तर प्रत्येक प्लेट टेबलाला बसवलेल्या पक्कडीत धरायचे आणि घाव घालून तोडायचे. तुटली की आत दाखवायचे. पहिल्याची प्लेट तोडताना ते जास्त जोरानं घाव घालत, हे सगळ्यांना दिसायचं. पहिला पुन्हा करवत घ्यायचा, पुन्हा कडा घासायला बसायचा. कुणावर राग काढायची ही पद्धत बरी की वाईट, ते मास्तरांना ठरवता आलं नाही. एवढं मात्र झालं, की पाचव्या महिन्यात त्याच्या प्लेटा घावाला लवकर दाद देईनाशा झाल्या.

त्याच सुमारास एक कंत्राटदार गाडी घेऊन आला. नव्या कारखान्याला बाहेरून तीन जिने लावायचे होते. अंगणात चाललेलं काम त्यानं फाटकातूनच बघितलं, खूश झाला आणि चार जण मागितले.

मास्तर म्हणाले, अजून आठ महिने लागतील.

"आठ महिने कोण थांबणार? परवा काम सुरू करायचंय. कसेही असू देत, चालतील."

"कसेही चालतील, हेच मी इतकी वर्षं म्हणत होतो," मास्तर म्हणाले. "आठ महिन्यांनी या."

कंत्राटदाराला हसू आलं. म्हणाला, तुम्ही नाही दिलेत तर दुसरीकडे मिळतील. माणसांना तोटा नाही, सर्टिफिकेटवाले ढिगानं पडलेत.

"मग त्यांच्याकडून करून घ्या," मास्तर म्हणाले. "आणि जिना झाला की पहिल्या दिवशी तुमच्या बायकोला वर पाठवा. वरच्या चौथऱ्यावर जरा वेळ थांबायला सांगा. सगळ्या पुढं उतरेपर्यंत."

कंत्राटदार गाडीत जाऊन बसला. बराच वेळ गाडी तिथंच उभी होती.